हत्ती सहाव्या ओळीत, काका पाठीशी

राग अजून उतरलेला नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. बुद्धिबळ स्पर्धा, पासष्टीपुढचा गट, शेवटची फेरी. माझ्याकडे राजा आणि हत्ती. समोरच्या गृहस्थांकडे राजा, हत्ती आणि वर एक प्यादं. पुस्तकी बरोबरी. फिलिडोर नावाच्या 18व्या शतकातल्या फ्रेंच माणसाने, ऑपेरा रचता रचता, हे दाखवून ठेवलंय. आपला राजा प्याद्याच्या वाटेत. हत्ती त्यांच्या बाजूने मोजून सहाव्या ओळीत आडवा फिरवायचा, म्हणजे त्यांचा राजा पुढे घुसत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की राजाचा आडोसा गेला. मग हत्ती त्यांच्या राजाच्या पार मागे न्यायचा आणि शह देत बसायचं.

गृहस्थांनाही हे पाठ. म्हणून ते प्यादं हलवेचनात. बरोबरी विचारली तर "बघू". चालीमागे 30 सेकंद मिळतात. प्यादं न हलता, काही न मारता दोघांच्या 50-50 चाली झाल्या की बरोबरीचा दावा करता येतो; तेवढ्या चाली म्हणजे 50 मिनिटं सहज. त्यांची भिस्त डावावर नव्हती, माझ्या मूत्राशयावर होती. आणि स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर! ज्येष्ठांच्या स्पर्धेला असा हॉल कोण निवडतं?

त्यात आपला डाव लवकर हरलेले एक काका माझ्या पाठीशी येऊन उभे.

"हत्ती खाली घ्या की!"

"काका, बोलायचं नाही," आर्बिटर, म्हणजे पंच.

"मी घोड्याबद्दल म्हणत होतो."

"या पटावर घोडाच नाहीये."

"तेच तर म्हणतोय. असता तर?"

प्रेक्षकाला काही गडबड दिसली तर त्याने ती फक्त आर्बिटरला सांगायची, असा नियम आहे. तो कळल्यावर काका आर्बिटरलाच सांगू लागले: "यांचा हत्ती चुकतोय हो."

50 चालींचा दावा करताना चाल आधी खेळायची नसते. ती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, आर्बिटरला बोलवायचं. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क गेला. दावा खोटा ठरला तर समोरच्याला 2 मिनिटं बक्षीस. मी सगळं रीतसर केलं, तर मागून आवाज: "पंचेचाळीसच झाल्यात!"

फेरमोजणी. गृहस्थांची स्कोअरशीट म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. शेवटी पन्नासच भरल्या.

"दोघांनीही जिंकलेला डाव घालवलात," काका.

अर्धा गुण मिळाला आणि रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) उतरलं, कारण गृहस्थांचं माझ्यापेक्षा बरंच कमी. अशा 75-75 चालींनंतर बरोबरी आपोआप होते, दावा लागत नाही. ज्येष्ठांसाठी तो आकडा 25 करा. नाहीतर निदान स्वच्छतागृह तरी तळमजल्यावर आणा.