भूकंप आणि दिवसाची लांबी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. २००४ च्या सुमात्राच्या भूकंपाने पृथ्वी किंचित वेगाने फिरू लागली आणि दिवस काही मायक्रोसेकंदांनी (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) लहान झाला, या विधानावरची आपली प्रतिक्रिया वाचली. पृथ्वीला बाहेरून कोणी ढकलल्याशिवाय तिचा वेग बदलणार नाही, दिवसातली घट कोणी मोजलेली नाही, आणि सुमात्राच्या भूकंपासाठी कुठे २.६८ तर कुठे ६.८ मायक्रोसेकंद असे आकडे सापडतात, तेव्हा हा सगळा बनाव आहे, असे आपण लिहिले आहे.

बाह्य बलाशिवाय पृथ्वीचा कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) बदलत नाही, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. मात्र संवेग कायम राहूनही वेग बदलू शकतो, कारण वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे यावर तो ठरतो. फुगडीत मुली हात आखडून एकमेकींजवळ आल्या की गिरकी वाढते, ती याच नियमाने. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली सरकला आणि एकूण वस्तुमान अक्षाच्या किंचित जवळ आले.

आता आकड्यांविषयी. नासाचे रिचर्ड ग्रॉस आणि बेंजामिन चाओ यांचा २.६८ हा आकडा भूकंपानंतर लगेच, जानेवारी २००५ मध्ये आला, ६.८ हा ग्रॉस यांनी २०१० च्या चिलीच्या भूकंपानंतर, त्या वेळच्या प्रारूपावरून (गणिती मॉडेलवरून) दिला. खडक कुठे, किती आणि कोणत्या उतारावर सरकले याचे चित्र बदलले की उत्तर बदलणारच, आणि ते बदलून जाहीर करणे याला मी बनाव म्हणणार नाही. प्रत्यक्ष मोजणी झालेली नाही, हे मात्र खरे. वारे आणि सागरी प्रवाह वर्षभरात दिवसाच्या लांबीत सुमारे हजार मायक्रोसेकंदांचा चढउतार घडवतात, त्यात दोन-चार मायक्रोसेकंद वेगळे काढणे फार कठीण आहे. पण गणितात जे घातले जाते ते मोजलेलेच असते: २०११ च्या भूकंपात जपानचे मुख्य बेट सुमारे २.४ मीटर सरकल्याचे जीपीएसने दाखवले, आणि त्या भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी घटल्याचे गणित निघाले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोल्हापूरलाही हादरवणाऱ्या कोयनेच्या भूकंपाने दिवस लहान झाला का, असेही आपण विचारता. सुमात्राच्या तुलनेत त्याची ऊर्जा हजारो पटींनी कमी होती, शिवाय तिथे खडक मुख्यतः आडवे सरकले. त्यामुळे त्याचा परिणाम गणितातही नगण्यच ठरतो.