कोल्हापूरहून बेळगावला विमानानंच जा

बेळगावच्या मावशीकडं बारशाला जायचंय ना? मग एसटीचं नाव काढू नका. मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर काढा. उजळाईवाडी ते सांबरा, साधारण 95 किलोमीटर, वेळ 37 मिनिटं. मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी फलाटाला लागायलाच कधीकधी एवढा वेळ जातो!

हे 37 आले कुठून, असं विचारणारा माणूस जन्मभर एसटीतच बसतो. तरी सांगतो. 95 ला ताशी 800 नं भागायचं, सात मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवायचा, झालं. आपल्याकडं येणारं पंख्याचं एटीआर ताशी 500 च्या आसपास पळतं, आणि 800 गाठायला जेटलासुद्धा आधी बरंच वर चढावं लागतं. तोवर सांबरा मागं पडेल. पण असल्या शंका गणिताला विचारू नयेत. नकाशावरची रेघ बघा, कशी सुतासारखी सरळ! तिला कोगनोळीचा टोल नाही, तवंदीचा घाट नाही, निपाणीत चहाला थांबणं नाही.

आता एक बारीकशी अडचण. या रेघेवरून विमान जात नाही.

कोल्हापूरच्या माणसानं एवढ्यानं खचायचं नसतं. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली, इथं विमानतळ झाला, तो काय आपण हायवेनं जावं म्हणून? बेंगळुरूमार्गे जा. इथून बेंगळुरू हवेतनं 530 किलोमीटर, तिथून उलटं बेळगावला 445. म्हणजे 95 किलोमीटरच्या गावाला 975 किलोमीटर उडायला मिळतं. दहापट! एसटीवाले देतील का?

फक्त दोन्हीकडची विमानं त्याच दिवशी असतील असा दिवस शोधा आणि बारशाची तारीख त्याप्रमाणं ठरवायला मावशीला सांगा. बाळाला काय, कळतंय थोडंच. निघायच्या दोन तास आधी विमानतळावर हजर राहा. तासभर आधी काउंटर बंद होतो, तिथं ‘जरा थांबा की भाऊ’ चालत नाही. मावशीसाठी घेतलेला अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका. बेंगळुरूला मधल्या वेळात इडली खायची लहर आलीच तर आधी दर वाचा, मग भूक आहे का ते ठरवा.

आणि हो, घरातनं निघाल्यावर एक मोह होईल. उजळाईवाडीला जाताना तुम्ही कागलच्या बाजूलाच, म्हणजे बेळगावच्याच हायवेला लागता. तिथं एखादी बेळगाव गाडी शेजारनं जाईल, खिडकीची जागा रिकामी दिसेल. मान फिरवा. तिला फार तर अडीच तास लागतात आणि ती थेट गावात सोडते, यात प्रवासाची मजा ती काय?

संध्याकाळी सांबऱ्याला उतराल. तिथून बेळगाव शहर आणखी दहाएक किलोमीटर, रिक्षावाल्याशी मराठीत भांडा, चालतं. मावशीच्या दारात पोचाल तेव्हा पाळणा हलायचा थांबलेला असेल, कोल्हापूरहून एसटीनं आलेले काका जेवून, झोप काढून परतीच्या गाडीला निघालेले असतील, आणि घुगऱ्यांच्या पातेल्यात पळी खरवडल्याचा आवाज येत असेल. ‘एवढा उशीर?’ असं मावशीनं विचारलं, तर मोबाइल काढून तिला ते 37 दाखवा.