धुरजड, उलाळ आणि 400 किलो

मेलबर्न ते पर्थ म्हणजे साधारण 3400 किलोमीटर, विमानाने चार तास. आम्ही ते कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढत जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी एका रविवारी चहा पिताना म्हणालो, बायको "बघू" म्हणाली, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही हे विसरून मी पुढच्या शनिवारी एक सेकंडहँड 18 फुटी कॅरॅव्हॅन दारात आणून उभी केली. त्यानंतर तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

तेव्हा आई इकडे आलेली होती, सहा महिन्यांच्या व्हिजावर. आई माणदेशातली, दहिवडीजवळची. तिला म्हटलं, आई आपण नलारबॉरला जाणार. ते काय आहे म्हणाली. म्हटलं पर्थच्या वाटेवरचं मोठं पठार आहे, नावाचा लॅटिनमध्ये अर्थच "एकही झाड नाही" असा आहे, रस्ता एके ठिकाणी 146.6 किलोमीटर सरळ जातो, एक वळण नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "आरं, माळरान बघायला एवढा खर्च? आपल्याकडं फुकट हाय की."

तर पॅकिंग. मला वाटलेलं पॅकिंग म्हणजे सामान भरायचं. कॅरॅव्हॅनमध्ये तसं नसतं, इथे आधी वजनाचं गणित करायचं. कॅरॅव्हॅनला एक प्लेट मारलेली असते, तिच्यावर दोन आकडे. एक टेअर, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, आमचं 1960. दुसरा एटीएम. एटीएम म्हणजे पैसे काढायचं मशीन नव्हे (तसं बघितलं तर तेच म्हणा, सगळा पगार तिकडूनच गेला), एटीएम म्हणजे सामानसुमान भरून कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. आमचं 2360. म्हणजे चार माणसांच्या संसाराला 400 किलो. मी खूश. 400 किलो! आपण इंडियाला जातो तेव्हा माणशी 30 किलोत लोणची, साड्या, प्रेशर कुकर, सगळं बसवतो.

शेजारी एक रिटायर्ड आजोबा आहेत, तीन वेळा कॅरॅव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाला चक्कर मारून आलेत. ते कुंपणावरून म्हणाले, पाणी धरलंस का? दोन टाक्या 80-80 लिटरच्या, म्हणजे 160 किलो तिथेच गेले. गॅसचे दोन सिलिंडर 9-9 किलोचे, 18 गेले. जास्तीची बॅटरी, तंबू, तंबूच्या भिंती, खुर्च्या, चाकाखाली लावायच्या उटी, पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाइप, सांडपाण्याचा वेगळा पाइप (हे दोन पाइप आयुष्यात कधी एका पिशवीत ठेवायचे नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, चेहरा बघून वाटलं स्वानुभव असावा), टॉयलेटच्या कॅसेटचं (खालच्या मैल्याच्या डब्याचं) निळं औषध, 15 अँपची जाडजूड केबल. म्हटलं मग उरलेलं कारमध्ये टाकतो. तर कारचं वेगळं लिमिट, आणि कार अधिक कॅरॅव्हॅन मिळून तिसरंच लिमिट. दहावीला गणितात मी काठावर पास झालेलो, ते हे गणित चुकवूनच झालो असणार.

म्हटलं पाणी अर्धंच भरू, 80 किलो वाचतील. वाटेत भरून घेऊ. आजोबा हसले. नलारबॉरवर रोडहाऊसवाले, म्हणजे हायवेवरचे पंप-कम-ढाबेवाले, डिझेल देतात, खायला मीट-पाय देतात, पण टाकी भरायला पाणी मागू नको, त्यांच्याकडेच नसतं. हे मी आईला मराठीत सांगितलं आणि तिथे विषय संपला. टँकर सकाळी येणार की संध्याकाळी यावर जिची निम्मी जिंदगी गेली त्या बाईसमोर मी पाणी कमी करू म्हणत होतो. "बाकी काय काढायचं ते काढ. पाण्याला हात लावायचा न्हाई."

पुढचा प्रश्न, भरायचं कुठे. कॅरॅव्हॅनच्या मागच्या बाजूला मस्त मोठा कप्पा होता, मी तांदळाची आणि आट्याची पिशवी, टूलबॉक्स, सगळं तिथे कोंबलं. मग यूट्यूबवर व्हिडिओ बघितला की मागे वजन जास्त झालं तर हायवेवर कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते आणि कारलाही घेऊन झोपते. कारच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हॅन अडकवतात त्या बॉलवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यायला पाहिजे. मी रात्री अकरा वाजता एक्सेल शीट उघडून बसलो, चाकांच्या आसापासूनचं अंतर गुणिले वजन, पुढचं प्लस मागचं मायनस. आई पाणी प्यायला उठलेली, काय करतोयस विचारलं. मी तिला वीस मिनिटं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी गाडी उलाळ झालीय. थोडी धुरजड पायजे."

मी गप्प. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ, जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास लागतो. पुढे जड झाली की धुरजड, मानेवर भार येतो. दहा टक्के म्हणजे "थोडी धुरजड", संपलं. सकाळी तिने मला कॅरॅव्हॅनबाहेर उभं केलं आणि तांदूळ चाकांच्या वर, आटा चाकांच्या वर, टूलबॉक्स पुढे, पांघरुणं मागे, असं सगळं अर्ध्या तासात लावून टाकलं. ती एक्सेल शीट अजून लॅपटॉपवर आहे, डिलीट करवत नाही.

मग काट्यावर गेलो. इथे पब्लिक वेब्रिज असतात, कॅरॅव्हॅन काट्यावर उभी करायची, कार सोडवून पुढे घ्यायची, पावती मिळते. आई बरोबर आलेली. साखर कारखान्यावर उसाची गाडी घालून आयुष्य गेलेल्या घरातली ती, तिने उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न विचारला, "हे काटा मारत न्हाईत न्हवं?" पावती आली 2424. 64 किलो जास्त. आईला शंभर टक्के खात्री की मारला.

त्या रात्री घरात जे झालं ते भाऊबंदकीच्या वाटणीत होत नसेल. तांदूळ-आटा काढा, ॲडलेडला इंडियन दुकानात घेऊ, 20 किलो गेले. तंबूच्या भिंती गेल्या. माझा टूलबॉक्स अर्धा झाला, म्हणजे नेमका जो पाना लागणार तो गेला. मिक्सर काढताना बायकोने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच हेअर ड्रायरचा विषय काढला नाही. लेक चौदा वर्षांची, तिचं म्हणणं तिच्या बॅगेचं वजन करणं हा प्रायव्हसीचा भंग आहे.

आणि कांदा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला गाडी थांबवून तपासतात. फळं न्यायची नाहीत, भाजी न्यायची नाही, मध नाही, रोपं नाहीत. म्हणजे कांदा, लसूण, आलं, मिरची, कढीपत्ता, यातलं काही नाही. आईने कढीपत्त्याची कुंडी आधीच कॅरॅव्हॅनच्या बाथरूममध्ये नेऊन ठेवलेली, ती परत अंगणात आली. पण कांदे ती फेकू देणार नाही, त्यामुळे असं ठरलं की बॉर्डरच्या आदल्या मुक्कामाला, नलारबॉर रोडहाऊसला, जेवढे उरले असतील तेवढ्यांची भजी करायची. राहिला घरचा कांदा-लसूण मसाला, दीड किलो. नावातच दोन बंदी घातलेल्या वस्तू. मी म्हटलं इन्स्पेक्टरला काय सांगायचं? आई म्हणाली, लपवायचं कशाला, सांगायचं आणि उघडून हुंगायला द्यायचं. पुढचं त्याचं तो बघेल.

दुसऱ्यांदा काट्यावर गेलो तेव्हा 2338. 22 किलो शिल्लक! मी पावती फ्रीजवर लावली आणि सगळ्यांना दम दिला की आता एक सेफ्टी पिनसुद्धा आत जाणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री दोन वाजता मी हळूच उठलो. हातात जे होतं ते घेऊन मागच्या दाराने बाहेर आलो तर कॅरॅव्हॅनमध्ये लाइट चालू. आत बायको, मिक्सर गाउनमध्ये गुंडाळून. तिच्या मागे आई, मांडीवर दगडी खलबत्ता. दोघी एकमेकींना न सांगता आलेल्या आणि आता चोरासारख्या बसलेल्या. कोणी काही बोललं नाही. मग बायकोनेच आतून बाथरूमचा वजनकाटा आणला. मिक्सर जारसकट साडेपाच. खलबत्ता चार. बेरीज साडेनऊ, बसतंय, सगळे जरा मोकळे झाले.

मग दोघींनी माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं. 24 कॅनचं कार्टन, 9 किलोच्या वरच.

"त्यात काय हाय?" आई.

"पाणी आहे. बॅटरीत घालायचं."

आईने खोक्यावरचं चित्र बघितलं. आईला इंग्लिश येत नाही, पण चित्र येतं. तिने काटा पायाने माझ्याकडे सरकवला, भरलेलं वजन वाकून बघितलं, आणि खोकं स्वतः उचलून चाकाच्या बरोबर वरच्या कप्प्यात नीट बसवलं.

"पाणी हाय नव्हं? मग ऱ्हाऊ दे. पाण्याला हात लावायचा न्हाई."