राजपुत्र हवाय? मग चौकश्या बंद करा

लग्न जमत नसेल तर वधूवर सूचक मंडळात पैसे दवडू नका. सरळ एखाद्या अमेरिकी टीव्ही सिनेमात मुक्काम हलवा, शक्यतो हॉलमार्क चॅनेलच्या, जिथे साध्या मुलीला ओळख लपवून फिरणारा राजपुत्र भेटतो. १९१० साली कॅन्सस सिटीत पोस्टकार्डं आणि मग शुभेच्छापत्रं विकायला लागलेली ही हॉलमार्क मंडळी २००१ पासून या नावाचं चॅनेल चालवतात. कार्डावरच्या चार ओळी जाहिरातींसकट दोन तास कशा ताणायच्या, हे त्यांच्याकडून शिकावं.

आधी न्यूयॉर्कात नोकरी धरा. काम एकच, लोकांची लग्नं पार पाडणं. स्वतःचं मात्र मोडलेलं हवं. मग धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी गावी या. गाव अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं आहे असं सांगतील आणि मागे डोंगर दिसतील कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे. काणाडोळा करा, तिकडे शूटिंग स्वस्तात उरकतं.

आता नायक हेरा. मांडवात खुर्च्या लावणारा जो देखणा इसम आहे, ज्याला वॉशिंग मशीन कुठून उघडतं ते कळत नाही पण वॉल्ट्झ नाच बिनचूक येतो, तोच युवराज. त्याचं राज्य नकाशावर नसतं, नावाच्या शेवटी बहुधा 'इया' असतं आणि तिथली प्रजा का कोण जाणे, लंडनच्या धाटणीचं इंग्रजी बोलते. तुम्ही आडनाव, गाव, पगार काही विचारायचं नाही. (आपल्याकडे हे कथानक पहिल्या दहा मिनिटांत आटपेल. मुलगा पोह्यांना हात लावायच्या आत मामांनी त्याच्या ऑफिसातून सगळी माहिती काढलेली असते.) त्याच्या अंगावर कॉफी सांडा. घाबरू नका, कप बहुतेक रिकामाच असतो.

लग्नाच्या आदल्या रात्रीचं जेवण मात्र नीट पाठ करून ठेवा. वडील भाषणाला उठलेत, पेल्यावर चमचा वाजलाय, आणि काळ्या सुटातला एक गृहस्थ आत येऊन सगळ्या पाहुण्यांदेखत कमरेत वाकतो: "युवराज, महाराणींनी बोलावलंय." इथे जाहिरात. जाहिरात संपली की, "तू माझ्याशी खोटं बोललास!" म्हणून बागेकडे चालू लागा. झपझप नको, कॅमेऱ्याला गाठता आलं पाहिजे.

रुसवा पुढच्या जाहिरातीपर्यंतच. पण माफ करण्याआधी त्यानं लपवलं काय ते बघून घ्या. महाल लपवला असेल तर बिचारा खऱ्या प्रेमाचा भुकेला होता. कर्ज लपवलं असेल तर भामटा. काळ्या सुटातला माणूस बँकेच्या वसुलीचा निघाला तर बागेतून सरळ बस स्टँड गाठा, त्या मुलाचा सिनेमा कुणी काढत नाही.

तुम्हालाही खोटं बोलायची मुभा आहे, फक्त ते अंगाशी न येता फायद्यात यायला हवं. नेटफ्लिक्सच्या 'अ ख्रिसमस प्रिन्स'मधली (२०१७) बातमीदार शिकवणीची बाई बनून राजवाड्यात घुसली, खोलीतली कागदपत्रंही चाळली. पण शेवटी राजपुत्राचं सिंहासन वाचवणारा कागद तिनंच शोधून दिला, मग कसला राग नि कसलं काय! २०१८ च्या भागात लग्न, २०१९ च्या भागात बाळ. तेव्हा सुट्ट्या आत्ताच टाकून ठेवा.