चौकटीवरचं १७१९ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या हान्स हेर घरावरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. एवढ्याशा दगडी घराचं इतकं कौतुक कशाला, आमच्या वाईकडचे वाडे बघा. ते तर अलीकडे दुरुस्त करून उभं केलेलं, त्यात मूळचं काय उरलं? आणि ज्यांच्या जमिनीवर ते बांधलं, त्यांचं नावही मी घेतलं नाही.

तिसरं आधी, कारण तिथे मी चुकले. १७१० साली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांना इथली दहा हजार एकर जमीन मिळाली, एवढंच लिहून मी पुढे गेले. त्याच परिसरात कोनेस्टोगा या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. डिसेंबर १७६३ मध्ये ‘पॅक्स्टन बॉइज’ नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने त्यांच्यातल्या वीस जणांना मारलं. सहा जणांना वस्तीवर आणि चौदा जणांना लँकेस्टर गावात, जिथे त्यांना जीव वाचावा म्हणून ठेवलं होतं तिथेच. हेर घराच्या आवारात २०१३ पासून मूळनिवासींच्या लांबघराची, म्हणजे अनेक कुटुंबं एकत्र राहायची त्या लांबट घराची, प्रतिकृती आहे. मी त्यात जाऊन आले, आणि तरीही लेखात त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. मूळ लेखात हा भाग आज घालते आहे.

पण ‘मूळचं काय उरलं’ हे मात्र मला पटत नाही. दाराच्या वरच्या दगडावर १७ आणि १९ या आकड्यांच्या मधे सीएच एचआर ही अक्षरं कोरली आहेत : क्रिस्टियन हेर, हान्सचा मुलगा. घर त्याने बांधलं. (त्याच साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या सनदा घेऊन परतले होते, म्हणजे आपल्या हिशेबानेही हे घर काही कालचं नाही.) आत स्वयंपाकघर, त्याला लागून बसायची खोली, मागे निजायची. बसायच्या खोलीत लोखंडी पत्र्यांची शेगडी आहे आणि तिला त्या खोलीच्या बाजूने तोंडच नाही. विस्तव घालायचा तो भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून. चुलीच्या जाळावर वैल तापतो ना, तसं. धूर तिकडे, ऊब इकडे. याच घरात पंथाची प्रार्थनाही भरायची. त्या बिनधुराच्या खोलीत उभं राहिल्यावर ते कसं जमत असेल, हे कुणी न सांगता समजतं.

एकोणिसाव्या शतकात इथलं राहणं थांबलं आणि घराचा वापर सामान ठेवायला होऊ लागला. पुढे ते जुन्या रूपात आणून १९७४ मध्ये लोकांसाठी उघडलं. छप्पर, लाकूड बदललं असेल. आपल्या देवळांचा जीर्णोद्धार झाला म्हणून आपण त्यांना नवी म्हणतो का? हे घर मोठं आहे असं मी कुठेच म्हटलं नाही. साध्या शेतकऱ्याचं घर कुणी जपत नाही, ते इथे जपलंय, म्हणून मी त्यावर लिहिलं.

तुमचा वाडा दिवाळीनंतर उतरवणार, हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंत. ते वाचून मी बराच वेळ थांबले. भाऊबंदांचे वाटे, गळकं माळवद, खर्च, सगळं समजतं. पाडू नका असं इथे बसून सांगायचा मला अधिकार नाही. पण त्याआधी एका दुपारी टेप घेऊन ओटी, माजघर, चौक मोजून काढा. बळदाचं तोंड कुठे आहे, धान्य कुठून ओतायचे, ते वहीत लिहा. दारावरच्या गणेशपट्टीचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, झिजलेली अक्षरंही दिसतात. तिच्यावर शक कोरला असेल तर मला नक्की कळवा.