सर्टिफिकेट मिळणार नाही, हे आधीच सांगितलं होतं

सप्टेंबरात विभागाच्या बैठकीत मी म्हणालो, यंदा 'भौतिकशास्त्रात कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयावर दोन दिवसांची ऑनलाइन परिषद घेऊ. पहिला प्रश्न आला, "सर, ई-सर्टिफिकेटचं काय?" दुसरा आला, "नॅशनल म्हणायची की इंटरनॅशनल?" तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणजे परिषदेत होणार काय, हा.

दोष कुणाला देऊ? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनीच हे केलंय. सकाळी लिंक उघडायची, आवाज बंद करायचा, फोन चार्जिंगला लावून आपल्या कामाला जायचं आणि शेवटी येऊन फीडबॅक फॉर्म भरायचा. संध्याकाळी मेलवर सर्टिफिकेट. माझ्या फाईलीत त्या वर्षाची बरीच आहेत, त्यात एक रेशीम शेतीवरचं आहे. मी फिजिक्स शिकवतो.

म्हणून यावेळी हट्टाने जाहीर केलं की हजेरीचं सर्टिफिकेट कुणालाही नाही. सोबत दिलेला प्रयोग करून पाठवेल त्यालाच मिळेल. चारशेच्या वर नोंदणी झाली होती. हा मेल गेला आणि पहिल्या दिवशी सकाळी स्क्रीनवर एकसष्ट जण होते. प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच बाकीच्यांना घरी पाठवलं. एका अर्थी पाठवलंच होतं म्हणा.

हाच विषय का, असंही बऱ्याच जणांनी विचारलं. एक तर २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद चालला होता. "हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपल्या नोबेलमध्ये कुठून घुसलं?" असा सूर. मी पोरांना सांगतो ते तिथंही सांगून पाहिलं. बालाघाटाच्या डोंगरावर पाऊस पडला की थेंब कुठं पडला यावर ठरतं, तो उत्तरेला गोदावरीकडं जाणार की दक्षिणेला मांजरेकडं. थेंबाला नदी माहीत नसते, त्याला फक्त उतार कळतो. हॉपफिल्डनं १९८२ साली मांडलं ते साधारण असंच: आठवण म्हणजे दरी. अर्धवट, पुसट चित्र दिलं की न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींसारखं एकमेकांना जोडलेलं कॉम्प्युटरमधलं जाळं, उताराउतारानं सर्वांत जवळच्या दरीत उतरतं आणि पूर्ण चित्र सापडतं. हा उतार म्हणजे ऊर्जा, आणि तिचं गणित चुंबकांतल्या अणूंसाठी आपण एमएस्सीला शिकवतो त्या आयझिंग मॉडेलच्या घरातलं. हिंटन यांच्या 'बोल्ट्झमन मशीन'च्या तर नावातच बोल्ट्झमन हा भौतिकशास्त्रज्ञ आहे. वाद मिटला नाही, पण चहा गार होईपर्यंत सगळे थांबले.

दुसरं कारण आमच्या दाराशीच आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतेय. आमच्या कॉलेजापासून मोटारसायकलनं तासाभराचाही रस्ता नाही. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, त्यात लेसर आणि आरसे. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथपर्यंत पोचणारी थरथर प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. ती गोंगाटातून वेचायची रीत घडवण्यात आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा. त्यांचा आणि सत्यप्रकाश यांचा त्यावरचा लेख १९९१चा आहे, पहिली गुरुत्वीय लहर सापडली २०१५ला.

आता या गोंगाटाचं एक सांगतो, कारण पहिल्या दिवशी पोरं इथंच जागी झाली. उपकरणात मधूनच खोटे झटके येतात, त्यांना ग्लिच म्हणतात. ग्लिचच्या चित्रांना आकारावरून नावं आहेत, कुणी 'शिट्टी', कुणी 'कोई फिश'. २०१६पासून 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाच्या उपक्रमात जगभरातले हौशी लोक ही चित्रं ओळखून वेगळी करतात आणि त्यावरून मशीनही शिकतं. त्यासाठी पीएचडी लागत नाही, मोबाईल पुरतो. मग मी हॅनफर्डचा किस्सा सांगितला. अमेरिकेतल्या तिथल्या लायगोत अधूनमधून एक विचित्र गोंगाट यायचा. शोधत गेले तर थंड पाइपांवर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोची मारत होते. चोचींच्या खुणाच सापडल्या! लगेच चॅटमध्ये मेसेज पडला, "सर, औंढ्याला माकडं लई आहेत."

या माणसाला सर्टिफिकेट द्यायला हवं होतं.

प्रयोगाचं सत्र मात्र आमच्या अंगाशी येता येता राहिलं. आम्ही गृहीत धरलं होतं की पोरांकडं लॅपटॉप असेल. एकसष्टांपैकी लॅपटॉप होता अकरा जणांकडं. बाकीचे मोबाईलवर, गूगल कोलॅबमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच प्रोग्राम चालवता येतो त्या पानावर, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लिहायला बसलेले. पहिलीच ओळ चालेना. अर्धा तास घालवल्यावर लक्षात आलं की फोनचा कीबोर्ड ओळीतलं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि 'इम्पोर्ट'चा आय मोठा झाला की पायथन रुसतं. नंतर अवतरणचिन्हं वाकडी झाली, ती वेगळीच. त्यात निम्म्यांचा "सर, आवाज तुटू लालाय". परिषद भरवणारे जे लोक कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यावर आठवडाभर बैठका घेतात, त्यांनी एकदा आमच्या पोरांच्या फोनवर एक ओळ लिहून बघावी. आमचा सगळा आराखडा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबकडं बघून काढलेला होता, ही माझीच चूक.

प्रयोग साधा होता. १ मीटर दोऱ्याचा लंबक. ५ ते २० अंशांतून सोडल्यावर एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, लागलेल्या वेळांचा डेटा छोट्या न्यूरल नेटवर्कला द्यायचा आणि पुढचे अंदाज घ्यायचे. मोबाईलवाल्यांना आम्ही शेवटी तयार फाईलच पाठवली, फक्त आकडे बदलायचे.

आता मुख्य घटना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला जर्मनीतून आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचं व्याख्यान होतं. सप्टेंबरात त्याला वेळ कळवली तेव्हा मी हिशेब केला, तिकडं दुपारचे अडीच. बरोबर होता. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागं जातात आणि आमची परिषद नोव्हेंबरात. साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. तो बिचारा त्याच्या अडीचला, म्हणजे आमच्या सातला येणार होता. सहा वाजता मी स्क्रीनवर, मागं बॅनर, पाहुण्यांचा पत्ता नाही. तास कसा काढायचा? "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा" असं म्हणालो. वेळ मारून न्यायला आपण म्हणतो तसंच.

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग सेनगाव तालुक्यातली बीएस्सी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. कॅमेरा बंद, मागं म्हशीचा आवाज. तिनं गोठ्याच्या आड्याला दोरा बांधून खाली नट लटकवला होता आणि दोरा पार आडवा धरून, म्हणजे ९० अंशांतून, सोडला होता. झोका लगेच लहान होत जातो म्हणून पहिल्याच झोक्याचा फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढून वेळ मोजला. २.३७ सेकंदांच्या आसपास आला. पुस्तकातलं छोट्या कोनाचं सूत्र २ सेकंद सांगतं, ९० अंशांना वेळ १८ टक्के वाढतो. म्हणजे तिचं मोजमाप अगदी बरोबर. आणि आमच्या नेटवर्कनं ९० अंशांना उत्तर दिलं होतं २.०५१३.

ती म्हणाली, "सर, त्याला २० अंशांच्या पुढचं आपण काही दाखवलंच नाही. मग ते 'मला माहीत नाही' असं का म्हणत नाही? वर चार आकड्यांपर्यंत उत्तर कामून देतंय?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणजे तिला पटेल असं. पण पुढचा पाऊण तास पोरं आपापसात भिडली. कुणी ४५ अंशांचं मोजून सांगितलं, एकानं दोरा ताणला जात असेल अशी शंका काढली, एकानं नेटवर्क पुन्हा पुन्हा चालवून बघितलं तर ९० अंशांचं उत्तर दर वेळी वेगळं आणि १५ अंशांचं जवळपास तेच. सात वाजता पाहुणा आला, "सर, मी वेळेवर आलो ना?" मी म्हणालो, बरोबर वेळेवर आलास. तिचा प्रश्न त्याला सांगितला. त्यानं आपली स्लाईड बंद केली आणि तासभर त्यावरच बोलला, मराठीत. म्हणाला, पोरांनी हातानं जे केलं तेच आम्हीही करतो: एकाऐवजी अनेक नेटवर्क शिकवायची आणि त्यांची उत्तरं फाकली की समजायचं, इथं यांना माहीत नाही. दुसरी वाट म्हणजे लंबकाचं समीकरणच शिकवणीत घालायचं. डेटा चुकला तर दंड, आणि समीकरण मोडलं तरी दंड. २०१९पासून ही पद्धत बरीच गाजते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्याख्यानासाठी सगळ्यांना एका वेळी स्क्रीनसमोर बसवायची गरजच नाही. व्याख्यान आधी रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाका, ज्याला लाईट आणि नेट जेव्हा असेल तेव्हा तो बघेल. सगळे जमलेले असताना फक्त प्रश्न. आपण उलटं करतो. सात पाहुणे, प्रत्येकी पन्नास मिनिटं, आणि "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत".

२०२०च्या मार्चमधली अमेरिकन फिजिकल सोसायटीची डेनव्हरची मोठी परिषद सुरू होण्याच्या तोंडावर रद्द झाली, काही जण तर हॉटेलात पोचले होते. तिकडच्या लोकांवर घरी बसायची वेळ आली तेव्हा परिषदा ऑनलाइन आल्या. आम्ही तर आधीपासून घरीच बसलेलो होतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यातलं काहीच न लागता सेनगावची मुलगी जर्मनीतल्या संशोधकाला अडवू शकते, हे आमच्यासाठी नवं आहे. आणि सभागृहात ती बोलली असती असं मला वाटत नाही. पहिल्या रांगेत सर लोक बसलेले असतात.

सगळं गोड नव्हतं. ब्रेकआउट रूम नावाचा प्रकार साफ फसला, सहा जण एका खोलीत आणि सहाही म्यूट. चहाच्या टपरीवर जे होतं ते तिथं होत नाही. दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरनं तारलं. प्रयोग पूर्ण करून पाठवणारे तेवीस. अहवालात 'लाभार्थी' या रकान्यात २३ लिहिल्यावर मला पुन्हा बोलावणं आलं, "सर, नोंदणीचा आकडा टाका की." मी टाकला नाही. काय व्हायचं ते होईल.

त्या मुलीला परवा फोन केला होता, पुढच्या वेळी एक सत्र तूच घे म्हणून. हो-नाही करत तयार झाली. लंबक अजून लटकवलेलाच आहे म्हणाली, ६० अंशांचं मोजायचं राहिलंय. पण संध्याकाळी म्हशीची शेपटी दोऱ्याला लागते आणि रीडिंग खराब होतं. मी म्हणालो, नोंदवून ठेव, ग्लिच आहे तो. म्हणाली, "नाव पण दिलंय सर, 'शेपटी'."