सोलापूरची सिटी बस कुणाची?

जुळे सोलापुरातून नवी पेठेत कामाला जायचं असलं की मी आता जमेल तेव्हा कार दारात ठेवतो आणि सिटी बस धरतो. कार चांगली आहे, पेट्रोल परवडत नाही असंही नाही. तरी ओळखीचं कुणी थांब्यावर भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काय ओ, गाडी बिघडली काय?" आपल्याकडे गाडीवाला माणूस बसमध्ये दिसला की त्याचं काहीतरी बिनसलंय असं लोक धरूनच चालतात. या समजुतीनं शहराचं फार मोठं नुकसान केलंय, असं माझं ठाम मत आहे.

बसमध्ये कोण असतं ते एकदा नीट बघा. विडी करणाऱ्या बायका, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जाणारे कामगार, कॉलेजच्या पोरी, आणि गावाकडून सिव्हिलला दाखवायला आलेली म्हातारी माणसं, मांडीवर रिपोर्टची पिशवी घट्ट धरून बसलेली. एका सीटवर तेलुगू, मागच्या सीटवर कन्नड, दारात दखनी, आणि कंडक्टर या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या भाषेत पुढं सरकायला सांगतो. सोलापूर इतकं जवळून मला दुसरीकडं कुठंच भेटत नाही.

या बसमध्ये नसतात ते ज्यांच्या फोनला महापालिकेत किंमत आहे ते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी, अधिकारी, नगरसेवक. आमच्या कॉलनीत पाणी चार दिवसांऐवजी पाचव्या दिवशी आलं तर लगेच फोन फिरतात. बस तासभर आली नाही तर कुणाचाच फोन जात नाही, कारण फोन करू शकणारा कुणी थांब्यावर उभाच नसतो. बसची आजची अवस्था मला यातूनच आलेली दिसते. शहरांच्या विकासासाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून मोठ्या संख्येनं नव्या बस आल्या होत्या, आठवतंय ना? त्यातल्या कितीतरी बसच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीवर हे शहर रस्त्यावर आलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या जगण्यात त्यानं काही फरकच पडला नव्हता.

फरक कुणाला पडला ते कुंभारीकडं गेलं की कळतं. तिथं गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. पुढं रे नगर ही कामगारांची दुसरी वसाहत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरांचं वाटप झालं. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, अशा माणसांना स्वतःचं पक्कं घर मिळालं. याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. पण घर शहराबाहेर आणि काम, बाजार, दवाखाना, कॉलेज शहरात. मग दर दहा-पंधरा मिनिटांना बस हा त्या घराचाच भाग समजायला हवा, नळ आणि विजेसारखा. बस नसली की शेअर रिक्षा, आणि रोजच्या मजुरीतून रोजचं भाडं. संध्याकाळी उशीर होणार असेल तर पोरीला क्लासला पाठवायचं की नाही, याचा विचार त्या घरात होतो. माझ्या घरात तो कधी करावा लागला नाही.

"पण बस वेळेवर येते कुठं?" खरंय. एप्रिल-मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना सावली नसलेल्या थांब्यावर उभं राहणं हा छळ आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना तर मी ते सांगणारच नाही. रात्री, पावसात, आजारी माणूस बरोबर असताना मीही कारच काढतो. बाहेरगावचंही तसंच. पुण्याला चौघं निघालो तर कारचा हिशोब बसतो. एकट्यानं अडीचशे किलोमीटर जायचं तर सोळा-सतरा लिटर पेट्रोल, वर टोल, आणि सगळा वेळ ट्रकच्या मागेपुढे डोळे ताणून बसायचं. मी एकटा असलो की एसटीच बरी वाटते. माझी आई पंचाहत्तरीच्या पुढची. २०२२ पासून तिला एसटी मोफत आहे आणि बहिणीला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. तुळजापूर, अक्कलकोटला दोघी आता माझ्या सुट्टीची वाट बघत नाहीत, आपापल्या ठरवून जातात. आईचा तो मोकळेपणा बघून मला सार्वजनिक बसची किंमत खरी कळते.

शहरातला हिशोब तर अगदी साधा आहे. नवी पेठेत एक माणूस एक कार घेऊन येतो आणि गाडी लावायला तीन चकरा मारतो. तेवढ्याच दोन-तीन गाड्यांच्या लांबीत चाळीस माणसांची बस मावते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास काय होतं ते आपण दर जानेवारीत बघतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला लाखो माणसं येतात, आणि त्यातले बहुतेक कारनं येत नाहीत म्हणूनच ते जमतं. सगळे आपापल्या गाडीतून आले असते तर? उड्डाणपूल हवेत की नकोत यावर आपण वर्षानुवर्षं तावातावानं बोलतो. बसच्या वेळापत्रकावर एवढं बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

२०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा जाहीर केली, त्यात सोलापूरचंही नाव आहे. बस येतील तेव्हा पहिल्या दिवशी हार-फुलं होतीलच. मला काळजी आहे ती दुसऱ्या वर्षाची. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, पुणे रोड, निदान या चार रस्त्यांवर ठराविक अंतरानं बस, थांब्यावर छप्पर आणि वेळ लिहिलेली पाटी, एवढं आपण आत्तापासून मागायला हवं. पहिली बस कुंभारीच्या रस्त्यावर सोडा, असंही मागायला हवं.

आपल्यातले ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून एखादा दिवस तरी बसनं जा. थांब्यावर उभं राहा, शेजारच्याशी बोला. बस आली नाही की तिथूनच आपल्या नगरसेवकाला फोन लावा. नाव, वेळ, थांबा सांगा. तुमचा फोन ते उचलतात.